पोर्टचं नाव सांगणारं टूल: नवख्यांची हमखास फसगत

पोर्ट म्हणजे काय, टीसीपी आणि यूडीपीत फरक काय, हे माहीत आहे असं धरून चालतो. सपोर्ट किंवा नेटवर्किंगच्या कामात पहिल्याच आठवड्यात हाताशी येतं ते पोर्ट नंबर दिला की सर्व्हिसचं नाव सांगणारं टूल. ते इतकं साधं दिसतं की त्याच्यावर कुणी संशयच घेत नाही.

टूल सांगतं ते नोंदणीतलं नाव, म्हणजे कुठला नंबर कुठल्या सर्व्हिसच्या नावे आहे त्या अधिकृत यादीतलं. त्या मशीनवर या घडीला काय चालू आहे, याचा त्याला पत्ता नसतो. वाचताना वाटतं, त्यात काय एवढं. पण सर्व्हर बंद पडलाय, चारजण विचारताहेत, तेव्हा हेच डोक्यातून निघून जातं. मॅकवर एलसॉफ (कुठला प्रोग्रॅम कुठलं पोर्ट वापरतोय ते दाखवणारी कमांड) चालवलं आणि शेवटी 'एचबीसीआय, लिसन' असं आलं, तर त्या नावाचा प्रोग्रॅम शोधत बसू नका. ते जर्मन होम बँकिंगच्या प्रोटोकॉलचं नाव आहे. ३००० हा नंबर नोंदणीत त्याच्या नावे आहे. ऐकत बसलेला असतो बहुतेक वेळा तुमचाच नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा) सर्व्हर. एलसॉफने नंबर पाहिला, मशीनवरच्या सर्व्हिसेस फाइलमधलं नाव उचललं आणि नंबर पुसून तिथे चिकटवलं, एवढंच घडलेलं असतं. कॅपिटल पी दिला की नंबर नंबरच राहतो, स्मॉल एन दिला की आयपी पत्त्यांचीही नावं होत नाहीत. दोन्ही कायम द्यायची सवय लावा.

पोर्ट स्कॅन करणाऱ्या एनमॅपचंही तेच. ९२०० वर इलास्टिकसर्च हे सर्च इंजिन असतं, पण साध्या स्कॅनमध्ये नाव येतं 'वॅप-डब्ल्यूएसपी', म्हणजे जुन्या मोबाइलवरच्या वॅपचं. सर्व्हिसच्या कॉलममधलं नाव त्याच्या स्वतःच्या यादीतून आलेलं असतं. खरी विचारपूस होते ती व्हर्जन डिटेक्शन लावल्यावर (त्यात एनमॅप पोर्टला संदेश पाठवून उत्तर तपासतो), आणि तिथेही नावापुढे प्रश्नचिन्ह असेल तर तो अंदाजच समजा.

त्यातही एक खोच आहे. ९१०० वर मशीनची आकडेवारी देणारा नोड एक्सपोर्टर चालू असला तरी एनमॅप 'जेटडायरेक्ट' म्हणजे प्रिंटर म्हणतो, आणि व्हर्जन डिटेक्शन लावूनही चित्र बदलत नाही. कारण ९१०० ते ९१०७ हे टीसीपी पोर्ट त्या तपासणीतून मुद्दाम वगळलेले आहेत. काही प्रिंटर या पोर्टवर जे येईल ते छापतात. तपासणीचे संदेश पाठवले की कागदांवर कचरा उमटतो. 'ऑलपोर्ट्स' पर्याय देऊन ही सूट काढता येते, पण पलीकडे प्रिंटर नाही याची खात्री करूनच.

नाव शोधताना प्रोटोकॉल सोडू नका. ५१४ टीसीपीवर 'शेल' (दूरच्या मशीनवर कमांड चालवणारी सर्व्हिस) आहे, ५१४ यूडीपीवर लॉग पाठवणारं सिसलॉग. नुसता ५१४ विचारून फायरवॉलचा नियम लिहिला की लॉग येत नाहीत आणि दोष मात्र लॉग सर्व्हरला जातो. लिनक्सवर 'गेटएंट सर्व्हिसेस' या कमांडपुढे नंबर, तिरकी रेघ आणि प्रोटोकॉल लिहा, नेमकं उत्तर मिळेल. ते सहसा ईटीसी फोल्डरमधल्या सर्व्हिसेस फाइलमधून येतं. विंडोजवर तशीच फाइल सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्सच्या ईटीसी फोल्डरात असते. मूळ नोंदणी आयएएना या इंटरनेटचे नंबर सांभाळणाऱ्या संस्थेची, शंका आली तर तीच पाहावी.

दोनशे पोर्ट पाठ करायला लावणाऱ्या याद्यांवर आमचा राग आहे. काहींचं मूळ अजून १९९४ च्या आरएफसी १७०० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात सापडतं. त्या छापील यादीची जागा ऑनलाइन नोंदणीने घेतली, हे २००२ मध्येच आरएफसी ३२३२ ने जाहीर केलं. वीस-पंचवीस पोर्ट कामातून आपोआप तोंडात बसतात, बाकीचे शोधले तर कमीपणा नाही. मुलाखतीत '८०८० वर काय चालतं?' विचारलं, तर 'नोंदणीत एचटीटीपी-ऑल्ट, प्रत्यक्षात काय ते मशीनवर बघावं लागेल' हे उत्तर पुरेसं आहे. ते न पटणारा सीनियर असेल तर शिकण्यासाठी दुसरा धरा.

मोठे नंबर दिसले की घाबरू नका. लिनक्स बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी ३२७६८ ते ६०९९९ मधला नंबर आपणहून घेतो, विंडोज ४९१५२ पासून पुढचा. ५१८४३ ला टूलने नाव दिलं नाही तर ते बरोबरच आहे. नोंदणी ४९१५१ ला संपते.

प्रत्यक्ष काय चालू आहे हे लिनक्सवर एसएस ही कमांड सांगते: टी, यू, एल, एन, पी ही अक्षरं द्या आणि सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावा. सुडोशिवाय दुसऱ्या युजरच्या प्रोसेसची नावं येत नाहीत, आणि रिकामी जागा पाहून 'कुणीच नाही' असा अर्थ काढला जातो. विंडोजवर नेटस्टॅटला ए, एन, ओ द्या, शेवटचा आकडा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक. तो टास्कलिस्टमध्ये शोधा. प्रोसेसच्या जागी डॉकर-प्रॉक्सी दिसलं (डॉकर प्रोग्रॅमना कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवतं) तर शोध कंटेनरपर्यंत न्यावा लागतो: डॉकर पीएस चालवा आणि पोर्टच्या कॉलममध्ये तो नंबर कुणापुढे आहे ते पाहा.