रेड टिंगल पाहायला निघण्यापूर्वी

सगळ्यात आधी बूट. मुलांकडे पर्थला जाणार असाल आणि तिथून वॉलपोलच्या जंगलातली रेड टिंगल ही अवाढव्य झाडं पाहायचा बेत असेल, तर बूट इथूनच स्वच्छ करून न्या. तळव्याच्या खाचांमध्ये बसलेली माती जुन्या टूथब्रशने काढा, धुवा आणि उन्हात खडखडीत वाळवा. माती लागलेले बूट ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर जाहीर करावे लागतात, हे एक. त्याहून मोठं कारण म्हणजे फायटॉफ्थोरा. मातीत राहणारा हा बुरशीसारखा जीव मुळं कुजवतो. नैऋत्य ऑस्ट्रेलियातल्या बँक्सिया आणि जारा या झाडांच्या रानांमध्ये त्याने झाडांची पार वाताहत केली आहे. तिकडे या रोगाला डायबॅक म्हणतात आणि तो पसरतो चिखलातून, म्हणजे आपल्या बुटांना आणि गाडीच्या टायरना लागून. पर्थच्या सुपरमार्केटमध्ये मेथिलेटेड स्पिरिट मिळतं. सात भाग स्पिरिट आणि तीन भाग पाणी असं मिश्रण फवाऱ्याच्या बाटलीत भरून गाडीत ठेवा. एका रानातून दुसऱ्या रानात जाताना आधी ब्रश मारा, मग फवारा. पायवाटेच्या तोंडाशी बूट साफ करायची सोय दिसली, तर घाई असली तरी थांबा.

आता जे झाड पाहायचं त्याची थोडी ओळख करून घ्या, कारण डोळ्यांपुढे आपली निलगिरी ठेवून गेलात तर फसाल. आपण पाहतो ती सामाजिक वनीकरणातली, रस्त्याकडेची, सरळसोट आणि गुळगुळीत सालीची. रेड टिंगल ही निलगिरीच, पण खोडाची साल खडबडीत, तंतुमय, तपकिरी. उंची 75 मीटरपर्यंत जाते आणि बुंध्याचा घेर 20 मीटरपर्यंत. वय चारशे वर्षांपर्यंत. हे झाड नैसर्गिकरीत्या फक्त वॉलपोलच्या आसपास, डीप, फ्रँकलंड आणि बो नद्यांच्या परिसरातच वाढतं. सगळं मिळून सुमारे 6,000 हेक्टर. वर्षाला 1,000 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि जवळच समुद्र, म्हणून हा एवढा कोपरा ओला राहिला.

बहुतेक जुन्या झाडांचे बुंधे आतून पोकळ असतात. वणवा येतो, गाभा जळतो. पुढचा वणवा ती पोकळी आणखी मोठी करतो. झाड जगतं ते बाहेरच्या कडेवर, कारण पाणी वाहून नेणारं जिवंत लाकूड तिथेच असतं. असाच एक प्रचंड पोकळ टिंगल पूर्वी इथे प्रसिद्ध होता. लोक त्याच्या पोटात मोटार घालून फोटो काढत. टिंगलची मुळं उथळ असतात. वर्षानुवर्षं चाकांनी आणि पावलांनी भोवतालची माती दगडासारखी घट्ट झाली आणि 1990 मध्ये झाड कोसळलं. त्यानंतर 1996 मध्ये वॉलपोलजवळच्या व्हॅली ऑफ द जायंट्स या रानात ट्री टॉप वॉक सुरू झाला. 600 मीटर लांबीचा हा पोलादी पूल जमिनीपासून 40 मीटर उंचीपर्यंत नेतो. मुळांभोवतीची माती दबू नये म्हणून फळ्यांच्या वाटेवरून पाय खाली टाकायचा नाही, हे नातवंडांना गाडीतच सांगून ठेवा. कारणासकट सांगा, मुलं ऐकतात.

पुलाला पायऱ्या नाहीत, व्हीलचेअर जाते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनी मागे राहायचं कारण नाही. पूल हलतो मात्र. उंचीची भीती असेल तर शेजारचा एन्शंट एम्पायरचा जमिनीवरचा फेरफटका घ्या. माझ्या मते तोच आधी करावा. बुंध्याशी उभं राहून मान वर केल्यावर जे कळतं ते पुलावरून कळत नाही.

हंगाम निवडताना पाऊस आणि वणवा दोन्ही पाहा. जून ते ऑगस्ट पाऊस आणि थंडी. डिसेंबर ते मार्च कोरडं, आगीचा धोका. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये रानफुलंही असतात. निघायच्या दिवशी सकाळी ‘इमर्जन्सी डब्ल्यूए’ या तिथल्या सरकारी वेबसाइटवर आगीचा इशारा बघा. वादळी हवेत पूल बंद ठेवतात. उन्हाळ्यातही एक जॅकेट हवंच.

पर्थपासून वॉलपोल सुमारे 430 किलोमीटर. जाऊन-येऊन एका दिवसात उरकायच्या फंदात पडू नका, मुक्काम करा. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, तेव्हा अंधारापूर्वी पोहोचा. मोबाइलला रेंज जाते, नकाशा आधीच डाउनलोड करा. पेट्रोल मंजिमपला भरून घ्या.

डबा न्या, पण कचरा परत आणा. ड्रोन आणि कुत्रा घरी ठेवा. खाली पडलेलं बोंड, सालीचा तुकडा, पान, काहीही खिशात घालू नका. राष्ट्रीय उद्यानात ते चालत नाही आणि भारतात परतताना बी-पाल्याचीही चौकशी होते.

दुर्बीण असेल तर पुलावर शेंड्यांसाठी वापरा. करी ही इथलीच दुसरी उंच निलगिरी. तिची साल गुळगुळीत, फिकट, टिंगलची खरखरीत. यलो टिंगल बुटका, बुंधा एवढा पसरट नाही. तिन्ही एकाच रानात उभे असतात, ओळखून पाहा.