टर्मिनलचा जंपर डिझाइन करताना: तांबं पुरतं, स्प्रिंग कमी पडते

पॅनेलमधल्या शेजारशेजारच्या टर्मिनलना (वायर जोडायच्या ठोकळ्यांना) एकच सप्लाय द्यायला पूर्वी वायरचे लूप मारत. आता प्लास्टिकच्या पाठीची, धातूच्या दातांची फणी वरून दाबली की झालं. या प्लग-इन जंपरचं डिझाइन हाती आलं की नवखा माणूस आधी पट्टीची जाडी वाढवतो. तिथे फारसं काही अडलेलंच नसतं.

हिशेब मांडून बघा. 2.5 चौ. मिमी वायरच्या टर्मिनलला आयईसी 60947-7-1 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 24 अँपिअर धरतात. 0.8 मिमी जाड, 3 मिमी रुंद तांब्याच्या पट्टीत, 5.2 मिमीच्या एका पिचला (शेजारच्या दोन दातांमधल्या अंतराला) रोध येतो साधारण 37 मायक्रोओहम, म्हणजे 24 अँपिअरला 0.02 वॅट. एका दाताच्या संपर्काचा रोध 0.3 मिलिओहम धरला तर तिथे 0.17 वॅट, पट्टीच्या आठपट. तापमानवाढीची मर्यादा 45 केल्विनची. ती ओलांडली जाते ती दाताच्या टोकाशी, पट्टीत नाही.

म्हणून सगळा विचार दाताचा करा. मधे चीर दिलेल्या दाताची एक पाती 8 मिमी लांब, 1 मिमी रुंद, 0.8 मिमी जाड घ्या. आत जाताना ती 0.1 मिमी दबली तर बळ येतं सुमारे 4.3 न्यूटन आणि मुळाशी ताण सुमारे 260 मेगापास्कल. अर्धकठीण तांबं इथेच हात टेकतं: एकदा घालून काढलं की पाती मिटलेलीच राहते, आणि गरम पॅनेलमध्ये नुसती बसून असली तरी बळ हळूहळू उतरतं. फॉस्फर ब्राँझ हा ताण सहज पेलतं, पण त्याची वाहकता तांब्याच्या जेमतेम 15 टक्के. यातून चांगली वाट म्हणजे दात भरीव तांब्याचा ठेवायचा आणि स्प्रिंग टर्मिनलच्या खाचेत द्यायची. टर्मिनल तुमच्या हातात नसेल तर मधल्या वाहकतेची कॉपर-निकेल-सिलिकॉन मिश्रधातूची पट्टी बघा. पातीची लांबी मात्र जपून बदला, कारण बळ लांबीच्या घनाने पडतं.

टिनच्या मुलाम्यावर टिनचा मुलामा घासताना घर्षणांक 0.4 धरला तर दोन्ही पात्या मिळून या दाताला आत जायला साडेतीन न्यूटन लागतात. दहा दातांना 35, वीस दातांना 70. त्यामुळे लांब फणी एका टोकाकडून दाबत नेता येईल इतकी पाठ लवचीक हवी.

पिचमध्ये गफलत फार होते. एका मेकचा पिच 5.2 मिमी, दुसऱ्याचा 5.1. दोन दातांचा जंपर दोन्हीकडे बसतो, म्हणून चालतंय असं वाटतं. दहा दातांत नऊ अंतरं असतात, फरक 0.9 मिमी होतो आणि कडेचे दात एका बाजूला रेटले जातात. नमुना दहा वेळा घालून काढा आणि भिंगाखाली धरा. दोन्ही पात्यांवर सारख्या चकचकीत रेघा हव्यात. एकीवरच रेघ असेल तर मध्य सरकलाय; टिन खरवडून तांबडं दिसत असेल तर डायने कापताना उरलेली धारदार कोर (बर) आत जाणाऱ्या कडेवर आली आहे. पॉलिअमाइडची पाठ साच्यातून काढल्याकाढल्या मोजू नका. ती हवेतला ओलावा शोषून वाढते, आणि कोरडी असताना तिची खिट्टी कडकन मोडते.

कापून वापरायची फणी देणार असाल तर कापलेल्या टोकाला तांबं उघडं पडतं, हे ड्रॉइंगवर आणि कॅटलॉगमध्ये दोन्हीकडे लिहा. तिथे विभाजक पट्टी लावायला सांगा आणि व्होल्टेज रेटिंग कमी करून द्या.

पॅनेलवाल्यांना फीडची, म्हणजे सप्लाय आत येतो त्या टर्मिनलची, जागाही सांगावी लागते. प्रत्येकी 3 अँपिअरचे दहा लोड असतील तर फीडच्या टर्मिनलचा स्वतःचा लोड वगळून 27 अँपिअर त्या एकाच दातातून जातात. फीड मधोमध दिला तर पट्टीवरचा भार निम्मा होतो, दातावरचा तेवढाच राहतो. अशा वेळी एकाच सप्लायचा फीड दोन टर्मिनलवर द्यायला सांगा, आणि चाचणीत थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) फीडच्याच दाताशी लावा.