अर्थतज्ज्ञाला प्रमाणपत्र लागते का, हे कसे ठरवावे

ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठातून अर्थशास्त्राची एम. ए. घेऊन घरी आलेल्या मुलाला किंवा मुलीला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: शेजारचा मुलगा सी. ए. झाला, मग तू नेमके कोण झालास? प्रश्न टोचणारा असला, तरी कायद्याच्या अंगाने तो बिनचूक आहे. सनदी लेखापालाचा दर्जा १९४९ च्या कायद्याने ठरतो, वकिलाचा १९६१ च्या, कंपनी सचिवाचा १९८० च्या आणि विम्याचे गणित मांडणाऱ्या ॲक्च्युअरीचा २००६ च्या. अर्थतज्ज्ञासाठी मात्र भारतात असा कायदा नाही, नोंदवही नाही आणि चुकीच्या वागणुकीची चौकशी करणारी परिषदही नाही. उद्या म्हापशाच्या बाजारपेठेत कोणी ‘अर्थतज्ज्ञ’ अशी पाटी लावली, तर केवळ त्या शब्दासाठी ती उतरवायला लावील असा अधिकारी कोठेही बसलेला नाही.

म्हणून पैसे भरून कोणत्याही अभ्यासक्रमाला नाव घालण्याआधी, समोरचा कागद परवाना आहे, नेमणुकीची पात्रता आहे की नुसते प्रशस्तिपत्र आहे, हे तपासावे. परवान्यावाचून काम करणे हा गुन्हा किंवा नियमभंग ठरतो, आणि पात्रतेवाचून अर्जच स्वीकारला जात नाही. प्रशस्तिपत्र नसले तर काहीही अडत नाही. ते पाहून समोरच्याचा विश्वास वाढला तर वाढतो, एवढेच. जाहिरातींत हे तिन्ही एकाच भारदस्त भाषेत मांडलेले असतात, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो.

पात्रतेचा मार्ग त्यातल्या त्यात सरळ आहे. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे असेल, तर पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असायला हवी; जुलै २०२३ पासून पीएच. डी. ही त्या पहिल्या नेमणुकीसाठी सक्तीची राहिलेली नाही. भारतीय आर्थिक सेवा १९६१ मध्ये स्थापन झाली असून तिची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. तीत १००० गुणांची लेखी परीक्षा आणि २०० गुणांची मुलाखत असते, आणि त्यासाठी अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातील ‘ब’ श्रेणीच्या अधिकाऱ्यालाही अशीच पदवी लागते. गंमत अशी, की त्याच बँकेच्या गव्हर्नरपदाला ती लागत नाही. डिसेंबर २०१८ ते डिसेंबर २०२४ या काळात ते पद सांभाळणारे शक्तिकांत दास इतिहासाचे पदव्युत्तर पदवीधर आहेत. यांपैकी एखादी वाट धरायची ठरली असेल, तर खाजगी प्रमाणपत्रावर खर्च होणारे वर्ष त्या परीक्षेच्या तयारीला द्यावे.

परवान्याचा प्रश्न अर्थतज्ज्ञाला आडवाटेने गाठतो, आणि येथे विशेष सावधगिरी हवी. मडगावात बसून व्याजदर, महागाई, पर्यटनाचा हंगाम यांवर लिहिण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. परंतु अमुक समभाग घ्या, तमुक विका, असा सल्ला मोबदला घेऊन दिला जाऊ लागला, की ते काम सेबीच्या, म्हणजे रोखे बाजाराच्या नियामक संस्थेच्या, कक्षेत जाते. गुंतवणूक सल्लागारांसाठी २०१३ चे आणि संशोधन विश्लेषकांसाठी २०१४ चे विनियम आहेत. त्यांखाली नोंदणी करावी लागते आणि सेबीने स्थापलेल्या एनआयएसएम या शिक्षणसंस्थेची परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. कंपनी कायद्याखाली मालमत्तेचे किंवा समभागांचे मूल्यांकन करायचे असेल, तर २०१७ च्या नियमांनुसार नोंदणीकृत मूल्यांककच व्हावे लागते. ‘मी तर अर्थशास्त्राचा माणूस, मला कोण विचारणार’ हा समज अशा ठिकाणी महागात पडतो.

न्यायासनापुढील स्थिती काहीशी वेगळी आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ नुसार तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरताना त्या विषयातील विशेष कौशल्य पाहिले जाते. त्यासाठी एखाद्या संस्थेचे सदस्यत्व असलेच पाहिजे, अशी अट नाही. पर्वरीच्या उच्च न्यायालयात एखाद्या प्रकल्पाच्या नुकसानीचा अंदाज मांडणाऱ्या अर्थतज्ज्ञाची उलटतपासणी त्याच्या पद्धतीवर होईल, भिंतीवर चौकटीत टांगलेल्या प्रमाणपत्रावर नव्हे. बाजारातील स्पर्धा जपणाऱ्या स्पर्धा कायद्यात तर मोठी मौज आहे. कलम ३६ प्रमाणे स्पर्धा आयोग अर्थशास्त्रातील तज्ज्ञांना साहाय्यासाठी बोलावू शकतो. पण कलम ३५ प्रमाणे पक्षकाराची बाजू मांडायला जे व्यावसायिक उभे राहू शकतात, त्यांत वकील, सनदी लेखापाल, कंपनी सचिव आणि परिव्यय लेखापाल (कॉस्ट अकाउंटंट) आहेत, अर्थतज्ज्ञ नाही.

उरले प्रशस्तिपत्र. व्यावसायिक अर्थशास्त्रज्ञांची नेब ही अमेरिकन संघटना प्रमाणित व्यवसाय-अर्थतज्ज्ञ अशी पदवी देते. सीएफए, म्हणजे चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्ट, या परीक्षेच्या तीन पातळ्यांत अर्थशास्त्र हा एक विषय आहे. मात्र ती मुख्यतः गुंतवणूक विश्लेषणाची परीक्षा आहे आणि सनद हाती पडण्यासाठी ४००० तासांचा संबंधित अनुभवही दाखवावा लागतो. मुंबईच्या वित्तसंस्थेत जायचे असेल, तर सीएफए घ्यावी. पणजीत राहून कृषी, मासेमारी किंवा पर्यटन यांवर संशोधन करायचे असेल, तर तो वेळ आणि पैसा इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचे शास्त्र) पक्के करण्यात व सर्वेक्षणाची सवय लावण्यात घालवणे अधिक शहाणपणाचे. परीक्षा न घेता, केवळ माहितीपत्र आणि शुल्क घेऊन ‘चार्टर्ड’ शब्द विकणाऱ्या संस्थांकडे फिरकूही नये.

पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन लिस्बनला जाण्याचा विचार करणाऱ्या गोमंतकीयांना मात्र वेगळा सल्ला द्यावा लागतो, कारण तेथे १९९८ पासून अर्थतज्ज्ञांची ‘ऑर्देम’, म्हणजे व्यावसायिक परिषद, आहे आणि अर्थतज्ज्ञ हे बिरुद लावण्यासाठी तिची नोंदणी लागते. ब्राझीलने तर १९५१ मध्येच कायदा करून हा व्यवसाय नोंदणीच्या चौकटीत आणला. जाण्यापूर्वी येथील पदवीला तेथे मान्यता मिळते का, याची चौकशी करावी.

मग भारतातही तशी परिषद असावी काय? माझे मत विरुद्ध आहे, आणि त्याचे कारण गोव्यातच सापडते. खनिज निर्यातदारांच्या संघटनेसाठी दिल्लीच्या एनसीएईआर या आर्थिक संशोधन संस्थेने २०१० मध्ये खाणींच्या आर्थिक योगदानाचा अहवाल केला. पुढच्याच वर्षी गोवा विद्यापीठातील अर्थतज्ज्ञाने सहलेखकासह त्यावर जाहीर टीका केली. दोन्हीकडची माणसे शिकलेली, अनुभवी आणि कोणत्याही परिषदेच्या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतील अशी होती. मतभेद होता तो पर्यावरणाची हानी हिशेबात धरायची की नाही, धरली तर कोणत्या दराने, यावर. असा वाद मिटवणारे प्रमाणपत्र आजवर निघालेले नाही. शिवाय परवाना देण्याचा अधिकार त्याच व्यवसायातील लोकांच्या हाती गेला, की नवागतांसाठी दार अरुंद होते, हे मिल्टन फ्रीडमन आणि सायमन कुझनेट्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकी डॉक्टरांच्या उत्पन्नाच्या अभ्यासातून १९४५ मध्येच दाखवले होते.

याचा अर्थ अर्थतज्ज्ञाने कोणालाच उत्तर देऊ नये, असा नाही. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अर्थतज्ज्ञ कोणाचे मानधन घेतात यावर बरीच टीका झाली, आणि अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २०१२ मध्ये आपल्या नियतकालिकांतील लेखकांना पैशांचे संबंध उघड करणे बंधनकारक केले. २०१८ मध्ये आचारसंहिताही स्वीकारली. हा नियम आपण स्वतःला लावून घ्यावा. प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर काम कोणी दिले आणि पैसे कोणी दिले, हे लिहावे. गोवा सरकारच्या नियोजन, सांख्यिकी आणि मूल्यमापन संचालनालयाचे आकडे वापरले असतील, तर कोणत्या वर्षाचे ते सांगावे. गृहीतके वेगळ्या पानावर मांडावीत आणि त्यांतले एखादे बदलले तर निष्कर्ष किती सरकतो, तेही दाखवावे. असे दोन-तीन छोटे अभ्यास पूर्ण करून जवळ ठेवले, तर मुलाखतीत ते कोणत्याही चौकटीतल्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलतात. एखाद्या पंचायतीच्या घरपट्टीच्या वसुलीवर किंवा साखळी शहराच्या बाजारातील नारळाच्या भावावर केलेला बारा पानांचा अभ्यासही त्यासाठी पुरे.

काम देणाऱ्या पतसंस्थेने, पंचायतीने किंवा हॉटेलमालकांच्या संघटनेनेही प्रमाणपत्राची झेरॉक्स मागून थांबू नये. उमेदवाराचा जुना अहवाल मागावा, त्यातला एक आकडा निवडावा आणि तो कोठून आला, हे समोर बसवून विचारावे. पूर्वी वर्तवलेला अंदाज कोठे चुकला, हेही विचारावे. ‘कधीच नाही’ असे उत्तर आले, तर दुसरा माणूस शोधावा. नेमणूकपत्रात मूळ आकड्यांची फाइल संस्थेला सुपूर्द करण्याची अट घालावी आणि शुल्काचा शेवटचा हप्ता ती फाइल उघडून पाहिल्यानंतरच द्यावा.