टर्मिनल अडकलं की या चुका टाळा : कंट्रोल-एस, कॅप्स लॉक आणि इतर उपद्व्याप

‘टर्मिनल हँग झालं’, म्हणजे कमांड टाइप करायची विंडो थिजली, अशी तक्रार लिनक्सवर जितक्यांदा ऐकू येते, तितक्यांदा ते खरोखर हँग झालेलं नसतं. थांबायला सांगितलं गेलं म्हणून ते बिचारं थांबलेलं असतं. आपण तसं सांगितलं याचा आपल्यालाच पत्ता नसतो. नुकसान थांबण्यामुळे होत नाही. ते होतं पुढच्या अर्ध्या मिनिटात, वैतागून जे काही दाबलं जातं त्यामुळे.

एक सूचना आधीच. खाली कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत आणि लहान अक्षरांतच टाइप करायची.

कंट्रोल-एस, आणि त्यानंतर बडवलेलं एंटर

एडिटरमध्ये दर दोन ओळींनी फाइल सेव्ह करणाऱ्या बोटांना टर्मिनल वेगळं आहे हे कळत नाही. व्हिम या टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये किंवा सरळ प्रॉम्प्टवर (कमांड टाइप करायच्या ओळीवर) कंट्रोल-एस दाबलं जातं आणि पडदा जागच्या जागी थिजतो. ही खोड टेलिप्रिंटरच्या काळापासून चालत आलेली आहे. १९६३ साली आलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ सारख्या यंत्रांना समोरून येणारा मजकूर झेपेनासा झाला की ‘थांब’ आणि जागा झाली की ‘चालू दे’ असं कळवण्याची सोय लागायची. ‘थांब’साठी आस्की (अक्षरांना आकडे देणाऱ्या पद्धतीतला) १९, म्हणजेच कंट्रोल-एस, ‘चालू दे’साठी आस्की १७, म्हणजेच कंट्रोल-क्यू. आज समोर कागद नाही, शाई नाही, पण लिनक्समधला टर्मिनल सांभाळणारा टीटीवाय ड्रायव्हर हा संकेत अजूनही निमूटपणे पाळतो.

इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की थांबलेलं असतं ते फक्त आउटपुट. कीबोर्ड चालूच असतो. तुम्ही रागाने जे टाइप करता ते दिसत नाही, पण कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) इनपुट बफरमध्ये ओळीने जमा होत राहतं, आणि कंट्रोल-क्यू दाबल्याक्षणी एकामागून एक अमलात येतं. मधल्या वेळात कोणी ‘एक्झिट’ टाइप करून एंटर मारलेलं असतं, तर टर्मिनल जिवंत होतं आणि लगेच बंदही होतं. फाइल काढून टाकण्याची कमांड ‘चालली नाही वाटतं’ म्हणून दोनतीनदा दिलेली असेल, तर ती तितक्यांदा चालते. म्हणून टर्मिनल अडकल्यावर पहिला नियम: काहीही टाइप करू नका.

दुसरी चूक याहून महागाची आहे, कारण ती उपायासारखी दिसते. अडकलेल्या टर्मिनलवर कंट्रोल-सी दाबलं की बहुतेक वेळा प्रॉम्प्ट परत येतो. पाहणाऱ्याला वाटतं, सुटलो. झालेलं असतं असं: कंट्रोल-सीचा सिग्नल देताना कर्नेल थांबलेलं आउटपुट पुन्हा सुरू करतो, आणि त्याच झटक्यात चालू असलेला प्रोग्रॅम मारला जातो. दुपारभर चाललेलं कंपायलेशन, अर्धा झालेला बॅकअप, जे असेल ते. आधी कंट्रोल-क्यू दाबून बघा. टर्मिनल मुळात अडकलेलं नसेल तरी प्रॉम्प्टवर त्याने काही बिघडत नाही. फक्त सोबत शिफ्ट लागू देऊ नका, कारण ग्नोम टर्मिनल आणि कॉन्सोल या दोन्ही टर्मिनल प्रोग्रॅमांत कंट्रोल-शिफ्ट-क्यू म्हणजे विंडो बंद. कॉन्सोल निदान आउटपुट थांबलं की वर पट्टी दाखवून कंट्रोल-क्यू दाबायला सांगतं. बाकीच्यांनी हा सौजन्याचा धडा का घेतला नाही, देव जाणे.

उलट बाजूही आहे. पडद्यावर काही लिहू पाहणारा प्रोग्रॅम अशा वेळी खरोखरच थबकतो, कारण त्याचं लिखाण पुढे सरकत नाही. ‘पडदा अडकला असला तरी आत काम चालू असेल’ म्हणून रात्रभर सोडून दिलं, तर सकाळी काम होतं तिथेच सापडतं.

ज्यांना हा संकेत कधीच लागत नाही, त्यांनी तो बंद करावा हे माझं स्पष्ट मत. बॅश म्हणजे आपल्या कमांड चालवणारा शेल; त्याच्या डॉट बॅशआरसी फाइलमध्ये ‘एसटीटीवाय’ आणि पुढे वजा चिन्ह जोडून ‘आयएक्सऑन’ ही ओळ टाकली की झालं. वरकड फायदा म्हणजे जुन्या कमांड शोधताना कंट्रोल-आरने मागे गेल्यावर कंट्रोल-एसने पुढे येता येतं. बॅशमध्ये ही सोय पहिल्यापासून आहे, पण टीटीवाय ड्रायव्हर मध्येच ती की गिळून टाकतो. ही ओळ मात्र फाइलच्या अगदी डोक्यावर ठेवू नका. एसएसएच या दुसऱ्या मशीनवर लॉगिन करण्याच्या सोयीमार्फत नुसती एखादी कमांड पाठवली किंवा एससीपीने फाइल नेली, तरी पलीकडच्या मशीनवर बॅश ही फाइल वाचतो. तिथे टर्मिनल नसतं आणि ‘इनॲप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस’ अशी कुरकुर सुरू होते. डेबियन-उबुंटूच्या फाइलमध्ये शेल इंटरॲक्टिव्ह (समोर कोणी टाइप करत असलेला) आहे का हे वरच तपासलेलं असतं; त्या तपासणीच्या खाली ओळ टाका. सीरियल केबलवर जुनं, हळू उपकरण जोडत असाल तर हा संकेत चालूच राहू द्या. तिथे तो अजून पोटापाण्याचं काम करतो.

‘स्क्रीन’ हा एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी वेगळा सापळा आहे: कंट्रोल-ए नंतर चुकून एस दाबला गेला की तेच होतं, आणि सुटका कंट्रोल-ए नंतर क्यूने. तशाच कामाच्या टीमक्समध्ये माउसचं चाक फिरवल्यावर टाइप केलेलं दिसेनासं झालं, तर वर उजव्या कोपऱ्यात चौकटी कंसात दोन आकडे दिसतात का बघा. दिसले तर तुम्ही कॉपी मोडमध्ये आहात. क्यू दाबा, बाहेर या.

दिसत नाही, म्हणून चालत नाही असं नाही

सुडो (ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणारा प्रोग्रॅम) पासवर्ड विचारतो तेव्हा बहुतेक डिस्ट्रोंवर (उबुंटू, फेडोरासारख्या लिनक्सच्या प्रकारांवर) पडद्यावर तारकासुद्धा उमटत नाहीत. नवख्यांचं निम्मं ‘हँग’ इथेच असतं. पासवर्ड टाइप करा, एंटर मारा, बस. ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) किंवा कॅट (फाइल पडद्यावर ओतणारी) यांना फाइलचं नाव द्यायचं राहिलं की ते तुमच्याच टायपिंगची वाट बघत बसतात. कंट्रोल-डीने त्यांना ‘संपलं’ असं सांगता येतं. ओळीच्या सुरुवातीला नुसतं ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह आलं असेल तर बहुधा कुठेतरी अवतरण चिन्ह बंद करायचं राहिलंय.

कंट्रोल-झेडची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. त्याने प्रोग्रॅम बंद होत नाही, स्थगित होतो. व्हिम नाहीसा झाला म्हणून लोक तीच फाइल पुन्हा उघडतात आणि स्वॅप फाइलचा (व्हिमने ठेवलेल्या तात्पुरत्या नोंदीचा) लांबलचक इशारा अंगावर येतो. तो न वाचता ‘एडिट एनीवे’चा पर्याय निवडणं ही चूक. त्याच मजकुरात प्रोसेस आयडीपुढे ‘स्टिल रनिंग’ असं लिहिलेलं असेल, तर तुमचा पहिला व्हिम न साठवलेल्या बदलांसकट पाठीमागे जिवंत आहे. ‘जॉब्ज’ टाइप करून यादी बघा, ‘एफजी’ टाइप करून त्याला पुढे आणा. एपीटी ही पॅकेज बसवणारी कमांड चालू असताना कंट्रोल-झेड दाबलं गेलं तर पुढच्या वेळी लॉक मिळत नसल्याची तक्रार येते, आणि मग कुठूनतरी लॉक फाइल उडवण्याचा सल्ला मिळतो. तो पाळू नका. स्थगित पडलेलं एपीटी पुढे आणून पूर्ण होऊ द्या, नाहीतर पॅकेजांचा डेटाबेस अर्धवट अवस्थेत राहील.

चुकून बायनरी (मजकुराची नसलेली) फाइल कॅट केल्यावर प्रॉम्प्टच्या जागी रेघोट्या आणि चौकोन दिसू लागतात. फाइलमधल्या आस्की १४ या बाइटने टर्मिनलला दुसऱ्या अक्षरसंचावर नेलेलं असतं. इथे विंडो बंद करायची गरज नाही. ‘रीसेट’ टाइप करून एंटर मारा. अक्षरं ओळखू आली नाहीत तरी कमांड बरोबरच जाते. एखादा प्रोग्रॅम अर्धवट मेल्यामुळे एंटरच चालत नसेल, तर एंटरऐवजी कंट्रोल-जे वापरा: कंट्रोल-जे, मग ‘एसटीटीवाय सेन’ (stty sane), मग पुन्हा कंट्रोल-जे.

एसएसएच मेलं असेल तर

लॅपटॉप झाकला, वायफाय बदललं, आणि रिमोट टर्मिनल मुकं झालं. इथे कंट्रोल-सीचा उपयोग नाही, कारण ती कीसुद्धा पलीकडे पोचायला हवी आणि जोडणीच तुटली आहे. एंटर, मग टिल्ड, मग पूर्णविराम, याच क्रमाने दाबा. हा संकेत तुमच्याकडचा एसएसएच स्वतःच ओळखतो आणि जोडणी सोडतो. लोक एंटर विसरतात आणि मग ‘हे चालत नाही’ म्हणतात. टिल्ड ओळीच्या सुरुवातीलाच असावी लागते. एका एसएसएचमधून दुसऱ्यात गेला असाल आणि फक्त आतलं तोडायचं असेल, तर टिल्ड दोनदा. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ (तिन्ही शब्द जोडून) ६० ठेवला, तर मेलेली जोडणी साधारण तीन मिनिटांत आपोआप सुटते.

लॉक कींचे घोळ

कॅप्स लॉकने पासवर्ड चुकतो हे सगळ्यांना माहीत आहे. व्हिममध्ये तो जास्त छळतो. खाली जायला ‘जे’ दाबावं तर खालची ओळ वर येऊन चिकटते, ‘के’ दाबावं तर मदतीचं पान उघडतं. फाइल फाटली असं वाटतं. कॅप्स लॉक बंद करून ‘यू’ दाबत मागे या. काही जण कॅप्स लॉक एक्स या ग्राफिकल प्रणालीत कायमचा निकामी करतात, पण तो चालू असतानाच ती कमांड देतात, आणि मग मोठी अक्षरं बंद करायला की उरत नाही. ‘सेटएक्सकेबीमॅप’ला वजा ‘ऑप्शन’ देऊन पुढे रिकामं अवतरण ठेवा. जुने पर्याय पुसले जातात, कॅप्स लॉक परत चालतो. तो बंद करा आणि मग हवा तो पर्याय पुन्हा लावा.

छोट्या लॅपटॉपवर नम लॉक चालू राहिला तर काही कीबोर्डांवर जे, के, एल दाबल्यावर १, २, ३ उमटतात आणि यू, आय, ओच्या जागी ४, ५, ६. पासवर्डच्या चौकटीत हे दिसत नाही. लॉगिनच्या पडद्यावर युजरनेमच्या जागी किंवा पासवर्ड दाखवणाऱ्या डोळ्यावर क्लिक करून एकदा तपासा. तिथे अंकांऐवजी देवनागरी आली तर इनस्क्रिप्ट हा देवनागरी टायपिंगचा लेआउट चालू राहिलाय, एवढंच.

स्क्रोल लॉक ग्राफिकल डेस्कटॉपवर सहसा काहीच करत नाही, म्हणून तो विसरला जातो. पण कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर (नुसत्या मजकुराच्या पडद्यावर) गेलात की तो थेट आउटपुट अडवतो, आणि तिथे कंट्रोल-एस दाबलं तरी त्याचाच दिवा लागतो.

आणि एक प्रकार असा की ज्यात लोक कीबोर्ड नवा आणतात. शिफ्ट की आठेक सेकंद दाबून धरली गेली की, ती सोय चालू असलेल्या डेस्कटॉपवर, ‘स्लो कीज’ सुरू होतं. मग कोणतीही की क्षणभर दाबून धरल्याशिवाय उमटत नाही. नेहमीच्या वेगाने टाइप करणाऱ्याला कीबोर्ड मेल्यासारखाच वाटतो. शिफ्ट पुन्हा तितकाच वेळ धरा, किंवा ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. व्हर्च्युअल मशीन किंवा रिमोट डेस्कटॉपमधून बाहेर आल्यावर प्रत्येक अक्षर शॉर्टकटसारखं वागू लागलं, तर दोन्ही बाजूंचे कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट एकेकदा दाबून सोडा. त्यातली एक की ‘दाबलेली’च राहिलेली असते.

कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही, म्हणून पॉवर बटण?

ही जुनी परीक्षा ग्राफिकल पडद्यावर फसवी आहे. तिथे दिवे लावण्याचं काम डिस्प्ले सर्व्हर (पडदा रंगवणारा प्रोग्रॅम) करतो. दिवा हलला नाही याचा अर्थ डिस्प्ले सर्व्हर अडकला. कर्नेल खाली ठणठणीत असू शकतो. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ने कन्सोल मिळतो का बघा, दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत शिरता येतं का बघा. पीएस-२ पद्धतीच्या कीबोर्डवर (बऱ्याच लॅपटॉपचे अंगचे कीबोर्ड तसेच असतात) कॅप्स आणि स्क्रोल लॉकचे दिवे आपोआप लुकलुकत असतील, तर मात्र तो कर्नेल पॅनिक, म्हणजे कर्नेलच कोसळला.

काहीच चाललं नाही तर सिसआरक्यू, म्हणजे कर्नेलला थेट हुकूम देणारी की. ऑल्ट आणि सिसआरक्यू धरून आर, ई, आय, एस, यू, बी अशी माळ सगळीकडे सांगितली जाते, पण उबुंटूवर मूळ सेटिंग १७६ असतं आणि त्यात फक्त शेवटच्या तिघांना परवानगी आहे: एसने डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहिलं जातं, यूने डिस्क फक्त वाचण्यापुरत्या उरतात, बीने मशीन रीबूट होतं. फेडोरावर सेटिंग १६, म्हणजे नुसता एस. सगळं हवं असेल तर ‘कर्नेल डॉट सिसआरक्यू’ची किंमत १ करा, मशीन सार्वजनिक जागी असेल तर करू नका, कारण मग कीबोर्डपर्यंत पोचणाऱ्या कोणालाही हे सगळं करता येईल. सिसआरक्यू बहुधा प्रिंट स्क्रीनच्याच कीवर असतो, पण काही लॅपटॉपवर एफएन की लागते आणि सोडण्याचा क्रमही वेगळा असतो. तो आजच, मशीन धड असताना शोधून ठेवा: ऑल्ट-सिसआरक्यू-एस दाबा आणि ‘डीमेसेज’ (dmesg) कमांडच्या शेवटच्या ओळी बघा. ‘इमर्जन्सी सिंक’ दिसलं तर की पोचतेय. ‘डिसेबल्ड’ दिसलं तर की पोचतेय, परवानगी नाही. आणि काहीच दिसलं नाही तर कींची जुळणी चुकतेय.