लीड्समध्ये भावाची डॉक्टरकडे नोंदणी कशी झाली

माझा धाकटा भाऊ उदगीरहून शिकायला इंग्लंडमधील लीड्सला गेला. नोव्हेंबरात व्हिडिओ कॉलवर त्याने दम्याचा शेवटचा पंप दाखवला. पंपाच्या मागच्या छोट्या खिडकीत उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा १८ होता, आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

तिथे आपल्याकडच्यासारखा थेट दवाखान्यात जाऊन नंबर लावता येत नाही. राहत्या भागातील जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, आधी नाव नोंदवावे लागते. दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर त्याच्या नावाचे वीजबिल मागितले गेले, परंतु चौघांनी मिळून घेतलेल्या घराचे बिल घरमालकाच्या नावावर असल्याने त्याला परत यावे लागले.

मग मी एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, नियम वाचून काढले. नोंदणीसाठी पत्त्याचा किंवा ओळखीचा पुरावा सक्तीचा नाही, आणि नकार दिल्यास दवाखान्याने १४ दिवसांत लेखी कारण कळवले पाहिजे. "बाळा, वाद घालू नकोस, फक्त नकार लेखी माग," एवढेच मी त्याला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने जीएमएस १ हा नोंदणीचा अर्ज, परदेशातून आल्याच्या तारखेसह, पूर्ण भरून दिला आणि तो स्वीकारला गेला.

तपासणीला पैसे पडले नाहीत. पंपाच्या चिठ्ठीचे मात्र ९.९० पौंड भरावे लागले.