फळ शेवटी पाहावे: डोंगरी औषधी झुडपांची ओळख

डोंगरउतारावर पिकल्या फळांनी लगडलेले झुडूप दिसले की नजर आधी फळावरच खिळते आणि ओळखीतली चूक बहुधा तिथेच होते. तसाच रंग आणि तोच आकार कितीतरी झुडपांच्या फळांत सापडतो. म्हणून आधी काटा, मग पानाची मागची बाजू, त्यानंतर सालीखालचे लाकूड आणि सरतेशेवटी फळ, हा क्रम मोडू नये.

सुरुवात दारुहळदीपासून करावी, कारण तिच्या खुणा ठसठशीत आहेत. हिमालयात साधारण २००० ते ३००० मीटर उंचीवर ती आढळते. पानांचा झुबका जिथून फुटतो त्याच्या अगदी खाली काटा असतो आणि तो बहुतेकदा बुडापासूनच तीन फाट्यांचा असतो. जिवंत फांदीची साल नखाने किंचित खरवडली की आत पिवळाधमक रंग दिसतो. नावातली हळद ती हीच. हा रंग बर्बेरिन या कडू द्रव्याचा असतो. पिकलेली फळे लांबट, निळसर जांभळी आणि आंबट असतात, व बोट फिरवले की त्यांच्यावरचा पांढुरका थर पुसला जातो. खायचे ते हे पिकले फळच. मुळा-खोडाचा काढा आटवून रसांजन हे घट्ट औषध करतात, पण ते काम वैद्यांवर सोपवावे. गर्भवती स्त्रियांना आणि तान्ह्या बाळांना बर्बेरिन अपायकारक ठरू शकते.

लडाख-स्पितीकडे नदीकाठच्या गोट्यांत उगवणारे काटेरी सीबकथॉर्न पानांवरून ओळखावे. पाने अरुंद असून मागून चंदेरी दिसतात. भिंग धरले तर त्यांवर बारीक खवले दिसतात. नारिंगी फळांचे देठ इतके आखूड असतात की फळे फांदीला चिकटल्यासारखी वाटतात आणि तोडताना बोटांतच फुटतात. नर व मादी झुडपे वेगवेगळी असल्यामुळे एखाद्यावर फळ नसले, तरी तेवढ्यावरून ओळख चुकली असे समजू नये.

पक्षी खातात ते माणसालाही चालते, हा समज मात्र घातक आहे. हिमालयातच वाढणाऱ्या कोरिआरिया या झुडपाच्या काळपट फळांतल्या बिया विषारी असतात. त्याला काटे नसतात, पाने समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक पानाच्या बुडापासून तीन ठळक शिरा निघतात. एवढे दिसले, तर फळ चाखून पाहण्याच्या फंदातही पडू नये.