हॉटेलच्या किचनमध्ये या चुका टाळा: पदार्थ गॅसवरून उतरल्यानंतरच्या

पांढरी ग्रेव्ही संध्याकाळी आंबूस लागली की संशय आधी दुधावर जातो, मग काजू-मगजावर. माल बदलला जातो, पुरवठादाराशी वाद होतो आणि आठवड्याने ग्रेव्ही पुन्हा आंबते. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडच्या आचाऱ्यांच्या हाताला तोड नाही. गडबड होते ती पदार्थ शिजून खाली उतरल्यावर.

झाकण घालून ठेवलेला मोठा टोप

दुपारची उरलेली ग्रेव्ही त्याच खोल टोपात झाकून ओट्याखाली सरकवतात. वरून हात लावला तर टोप गार लागतो, पण मधला भाग कितीतरी तास कोमटच राहतो. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि ग्रेव्ही रात्रभर त्याच पट्ट्यात पडून असते. लाल ग्रेव्हीला टोमॅटोच्या आंबटपणाचा थोडा तरी आधार असतो. पांढरीला तोही नाही.

उपाय खर्चिक नाही. ग्रेव्ही उथळ ट्रेमध्ये दोन इंचांपेक्षा जास्त जाड थर न देता पसरा, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि अधूनमधून ढवळा. 60 वरून 21 अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून 5 अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत उतरली पाहिजे. मग डब्यावर तारीख-वेळ लिहून फ्रीजमध्ये.

घाईने गरम टोपच फ्रीजमध्ये ढकलणं तितकंच वाईट, कारण शेजारचं पनीर आणि मसाला लावलेलं चिकनही त्याच्यासोबत तापतं. फ्रीजच्या दारावरचा आकडा आतल्या हवेचा असतो. ग्रेव्हीचं तापमान कळायला सुईचा थर्मामीटर ग्रेव्हीतच खुपसावा लागतो. एवढी एक वस्तू प्रत्येक किचनमध्ये असायलाच हवी.

कालचा भात, आजचा फ्राइड राइस

भात मोकळा होतो म्हणून शिळा वापरतात, त्याला हरकत नाही. हरकत आहे तो रात्रभर परातीत उघडा ठेवण्याला. तांदळातल्या बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात आणि कोमट भातात त्यांचं विष तयार होतं. उलट्या घडवणारं हे विष मोठ्या आचेवर परतूनही जात नाही. तेव्हा भातही ग्रेव्हीसारखाच पसरून, लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर राहिला असेल तर टाकून द्या. जीव तुटतो, पण टाका.

कढईतलं तेल

तेल काळं पडलं, फेस धरायला लागलं किंवा लवकर धुरायला लागलं की त्यात ताजं तेल ओतून वेळ मारून नेतात. जुन्या तेलात मिसळलेलं ताजं तेलही लवकर बिघडतं. 1 जुलै 2018 पासून लागू झालेल्या नियमानुसार तेलातील टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हापुन्हा तापून बिघडताना त्यात तयार होणारे घटक) 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही. हे मोजायचं यंत्र मिळतं. रोज तेल गाळणं, त्यात तळलेला चुरा न ठेवणं आणि कढईवर मीठ न भुरभुरणं एवढं केलं तरी तेल जास्त टिकतं.

एक्झॉस्ट चालू, तरी धूर

मोटर बदलण्याआधी दोन गोष्टी बघा. चिमणीच्या जाळ्या चिकट तेलाने बुजल्या आहेत का? आणि बाहेरची हवा आत यायला वाट आहे का? दारं-खिडक्या बंद असतील तर पंखा ओढणार काय? जाळ्या वेळच्या वेळी गरम पाणी आणि डिटर्जंटने धुवा. साचलेलं तेल पेट घेतं, हा धोका धुरापेक्षा मोठा आहे.

आजार लपवणारा कामगार

याबद्दल मालकांवर माझा राग आहे. पोट बिघडलेल्या माणसाचा दिवसाचा पगार कापला की पुढच्या वेळी तो गोळी खाऊन गुपचूप कणीक मळायला उभा राहतो. हात धुण्याचे फलक कितीही लावले तरी हे थांबत नाही. वर्षातून एकदाची वैद्यकीय तपासणी नियमाने करावीच लागते, पण मंगळवारी सकाळी सुरू झालेले जुलाब त्या कागदावर दिसत नाहीत. आजारपणाची रजा पगारी ठेवा. उलट्या-जुलाब थांबल्यावरही 48 तास त्याला अन्नाला हात लावू देऊ नका. आणि एका हेल्परला ग्रेव्हीचा, एकाला तंदूरचा हात आजच शिकवायला घ्या, म्हणजे माणूस घरी पाठवताना मालक कचरणार नाही.